टायरच्या दुकानाआधी वजनकाटा

सव्वादोन टनांची गाडी उभी असते तेव्हा ती जमिनीला किती टेकते? हिशेब सोपा आहे. गाडी २२०० किलोंची आणि भार चारही चाकांवर सारखा धरला, तर एका चाकावर ५५० किलो येतात. टायरमध्ये ३५ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३५ पौंड, हवा असेल तर तो दाब होतो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो. भागाकार केला की उत्तर येतं सव्वादोनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. पोस्टाची दोन कार्डं शेजारी शेजारी मांडली तर जेवढी जागा व्यापतील, त्याहूनही ही जागा थोडी कमीच. टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, स्वतःच्या ताठपणाने थोडा भार पेलते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा इकडेतिकडे होतो. तरी गोष्ट तीच राहते. ब्रेक, वळण, चढ, उतार आणि चिखल यांचं सगळं ओझं रबराच्या या चार छोट्या तुकड्यांवर असतं.

महाराष्ट्रात फोर-बाय-फोर गाड्यांचं वेड गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलं. थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते, गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स पुण्याची. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी या गाड्याही आता तालुक्याच्या गावांत सहज दिसतात. गाडी घरी आली की पहिला बदल ठरलेला असतो : टायर. आणि तो बहुतेक वेळा नजरेने ठरतो. खोल खाचा, बाजूला आलेले जाड दात, उठावदार पांढरी अक्षरं. जड गाडीच्या बाबतीत निवडीचा हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी वजन, मग टायरची भारक्षमता, मग माप, त्यानंतर नक्षी आणि शेवटी हवा, या क्रमाने गेलं तर पैसे वाया जात नाहीत आणि जीवही धोक्यात येत नाही.

वजन : कागदावरचं आणि खरं

जिम्नीसारखी गाडी रिकामी असताना सुमारे बाराशे किलोंची असते. डिझेलवरची फोर-बाय-फोर फॉर्च्युनर रिकामीच दोन टनांच्या पुढे जाते. आता लांबच्या प्रवासाला निघालेल्या अशा गाडीचा हिशेब मांडू. पाच माणसं म्हणजे साडेतीनशे किलो. बॅगा, स्वयंपाकाचं सामान आणि तंबू यांचे शंभर. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र) बसवली असेल तर आणखी शंभराच्या आसपास. टपावर कॅरिअर आणि त्यावर उघडणारा तंबू असेल तर तेवढेच पुन्हा. पाण्याचे आणि डिझेलचे कॅन पन्नास-साठ किलोंचे. बघता बघता सातशे किलो वाढले. अनेक गाड्यांसाठी कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा इथेच ओलांडली जाऊ शकते.

ही मर्यादा कोणताही टायर वाढवून देत नाही. चेसी, स्प्रिंग, ब्रेक, बेअरिंग हे सगळं तिच्यात गृहीत धरलेलं असतं. टायर कितीही दणकट घेतला तरी ब्रेक तेच राहतात.

म्हणून टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. महामार्गालगत, बाजार समितीजवळ, साखर कारखान्याच्या फाटकाशी काटे असतातच. प्रवासाला जाताना भरता तशी गाडी पूर्ण भरा, माणसं बसवा, टाकी भरलेली ठेवा. आधी संपूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि त्यानंतर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पावती घ्या. तीन आकडे हातात येतात आणि त्यातला मागच्या आसाचा आकडा बहुतेकांना चकित करतो. सामान, मागे बसलेली माणसं, दारावरची स्टेपनी हे सगळं त्याच आसावर येतं. तो आकडा १६०० किलो असेल तर मागच्या एका टायरवर सपाटीला ८०० किलो आहेत. खड्या चढावर भार आणखी मागे सरकतो, उतारावर ब्रेक दाबला की पुढे जातो, आणि गाडी कडेला कलली की खालच्या बाजूच्या दोन टायरांवर येतो. टायर निवडताना सपाटीवरच्या आकड्यावर चांगली शिल्लक ठेवावी लागते ती यासाठी.

साइडवॉलवरचा मजकूर

आता गाडीशेजारी खाली बसा आणि टायरवर काय लिहिलंय ते वाचा. थारच्या बऱ्याच गाड्यांवर असतं तसं २५५/६५ आर १८ असं माप असेल, तर २५५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ हा रिमचा इंचांतला व्यास. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. महत्त्वाचं आहे ते पुढचं : १११टी.

१११ हा भारांक. तो किलोंचा आकडा नाही, एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०९ म्हणजे १०३०, १११ म्हणजे १०९०, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५० आणि १२१ म्हणजे १४५० किलो. ठरलेल्या हवेवर एक टायर जास्तीत जास्त एवढा भार पेलू शकतो. पुढचं अक्षर वेगाचं. क्यू असेल तर ताशी १६० किलोमीटर, एस असेल तर १८०, टी असेल तर १९०, एच असेल तर २१०. खोल नक्षीच्या टायरांवर बरेचदा क्यू आढळतो, कारण जाड रबर वेगात जास्त तापतं.

नवा टायर घेताना भारांक मूळ टायरपेक्षा कमी होता कामा नये, हा पहिला नियम. मूळ आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. दुकानदार ‘हाही बसतो, चालतो’ म्हणाला तरी तक्ता पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. रिमवर बसणं आणि भार पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतर काही चिन्हं आणि शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आयएसआय चिन्हही पाहून घ्या, भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या टायरांना ते बंधनकारक आहे.

एलटी : ताकद आणि तिची अट

काही टायरांवर मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असतं. ही लाइट ट्रकसाठीची बांधणी. आतले थर अधिक, साइडवॉल जाड, नक्षी खोल. त्यावर सी, डी, ई अशी श्रेणी असते, म्हणजे अनुक्रमे ६, ८ आणि १० प्लाय. आजच्या टायरमध्ये खरोखर दहा थर नसतात. जुन्या सुती धाग्यांच्या हिशेबात तेवढी ताकद, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. एलटी२६५/७० आर १७ टायरवर १२१/११८ असं लिहिलेलं दिसतं आणि १४५० किलो वाचून माणूस निर्धास्त होतो. (दुसरा आकडा एका बाजूला दोन-दोन चाकं असणाऱ्या वाहनांसाठी आहे.) पण हे १४५० किलो ई श्रेणीच्या टायरमध्ये ८० पीएसआय हवा असेल तेव्हाचे. हवा ३५ वर आणली की हाच टायर त्याहून कितीतरी कमी भार पेलतो. भार पेलते ती मुख्यतः हवा. रबर आणि तारा त्या हवेला जागेवर धरून ठेवतात. तेव्हा साध्या टायरला ३३-३५ हवा पुरत असेल, तर तेवढ्याच वजनाला एलटी टायरला काही पौंड जास्त लागते. ती न भरता जुन्याच आकड्यावर गाडी चालवली तर महागडा, दणकट टायर आतून तापत राहतो.

एलटीची दुसरी किंमत म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. एका टायरमागे पाच-सात किलो सहज वाढतात आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. प्रत्येक खड्ड्यात ते वरखाली उचलावं लागतं, दर वेळी वेग घेताना फिरवावं लागतं आणि ब्रेक लावताना थांबवावं लागतं. गाडी जड वाटते, डिझेल जास्त जातं. एरवी रिकामी फिरणारी, शहरात आणि महामार्गावर धावणारी गाडी असेल तर ही किंमत मोजायचं कारण नाही. पूर्ण सामान भरून स्पिती-लडाखच्या खडीवर दिवसेंदिवस जायचं असेल, तर मात्र ती मोजावी. धारदार दगडाने साइडवॉल फाटली तर तिथे पंक्चरवाला काही करू शकत नाही.

माप वाढवण्याचा मोह

मोठा टायर घातला की गाडी उंच होते, हे खरं. किती होते ते मोजून पाहू. फॉर्च्युनरच्या २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर. २६५/७० आर १७ घेतला तर तो ८०३ होतो. वाढ २७ मिलिमीटरची, पण आस वर जातो त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. २८५/७० आर १७पर्यंत गेलात तर व्यास ८३१ होतो आणि आस २७ मिलिमीटर वर जातो.

या बदल्यात काय जातं? पहिल्या बदलात स्पीडोमीटरचं गणित साडेतीन टक्क्यांनी सरकतं, दुसऱ्यात सात टक्क्यांनी. म्हणजे मूळ टायरवर जो काटा बरोबर शंभर दाखवत होता, तो आता शंभर दाखवत असताना गाडी १०७ने पळते. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. खड्या चढावर लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) हळूहळू सरपटण्याची ताकद कमी होते, आणि ऑफ-रोडला गरज असते ती नेमकी तिचीच. ब्रेकला मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासतो. रुंद टायर मडगार्डबाहेर आला तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर खडी उडते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असे बदल पुढे येतात. म्हणून सुरक्षित मार्ग हा : कंपनीने त्याच मॉडेलच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराला दिलेलं माप निवडा. त्यातही छोटा रिम आणि उंच साइडवॉल मिळत असेल तर ती जोडी घ्या. नव्या थारच्या एका प्रकाराला १६ इंची रिम आणि २४५/७५ टायर येतो, दुसऱ्याला १८ इंची. व्यासात पंधरा मिलिमीटरचा फरक, पण १६ इंचीच्या साइडवॉलला अठरा मिलिमीटर अधिक उंची मिळते. खडकाचा दणका आधी ती झेलते, रिम नंतर. दिसायला मोठा रिम देखणा असेल, वाटेवर छोटा रिम कामाचा.

नक्षी आणि जमीन

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. एचटी, म्हणजे हायवेसाठीचा. एटी, म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचा. एमटी, म्हणजे चिखलासाठीचा. एटी आणि एमटी यांच्या मधला, आरटी म्हणून विकला जाणारा प्रकारही आता मिळतो. फरक मुख्यतः रबराच्या ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेचा. एचटीत ती कमी, एमटीत सर्वांत जास्त. ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. ओल्या डांबरावर आणि बर्फावर पकड देतात त्या या चिरा. एटीत त्या भरपूर असतात, एमटीत थोड्या.

नक्षी चांगली की वाईट हे जमीन ठरवते, आणि महाराष्ट्रात जमीन दर पन्नास मैलांवर बदलते.

सह्याद्रीचा काळा कातळ घ्या. बेसॉल्टचा फुटलेला दगड धारदार असतो. इथे खाचा किती खोल याला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते साइडवॉलच्या थरांना आणि रबर किती सहज चिरतं याला. तीन थरांची साइडवॉल असलेला एटी इथे उत्तम. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलं की सगळेच टायर घसरतात. तिथे हळू जाणं आणि हवा थोडी कमी करणं एवढेच उपाय.

मराठवाड्यातली, सोलापूरकडची, विदर्भातली काळी माती हा वेगळाच प्रकार. तिच्यात पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. पावसानंतर अशा शेतात चालून पाहिलेल्या माणसाला ठाऊक आहे, चार पावलांत पायाला मणभर माती चिकटते. टायरचं तेच होतं. एटीच्या खाचा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन जागच्या जागी फिरू लागतो. एमटीच्या रुंद खाचांतून चाक वेगाने फिरताना चिखल बाहेर फेकला जातो, पुन्हा मोकळी कड मातीत रुतते आणि गाडी पुढे सरकते. ज्यांचं शेत मुख्य रस्त्यापासून आत आहे, ज्यांना पावसाळाभर रोज दूध नाहीतर माल घेऊन बाहेर पडायचं आहे, त्यांच्यासाठी एमटी ही चैन नाही, गरज आहे.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती. पाणी लवकर निचरतं, खाली खडीचा आधार असतो, वरच्या लाल थरावर मात्र गाडी साबणासारखी सरकते. घराच्या वाटेपुरता एटी पुरतो. गोव्यात २०१४पासून ऐन पावसाळ्यात भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची चित्रं पाहून अनेकांना एमटीची भुरळ पडते. पण त्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात, पुढेमागे विंच असते, आणि त्यातल्या कितीतरी स्पर्धेच्या ठिकाणी ट्रकवरून येतात. घरी परतण्यासाठी त्यांना पावसात घाट उतरावा लागत नाही.

राजस्थानच्या वाळूत नक्षीचा उपयोग सर्वांत कमी. तिथे एमटीचे दात फावड्यासारखे वाळू उपसतात आणि गाडी आसापर्यंत खाली जाते. वाळूत चालतो तो मऊ पडलेला, पसरलेला टायर. बर्फात कडक रबराचा, चिरा नसलेला एमटी घसरतो. तिथे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, हे चिन्ह साइडवॉलवर आहे का ते पाहावं. टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरला आहे, असा त्याचा अर्थ. नुसतं एम अधिक एस लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

आणि डांबर. आपल्या फोर-बाय-फोर गाड्यांचा बहुतेक जन्म डांबरावर आणि काँक्रीटवर जातो, हे मान्य करायला हवं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना, भरलेल्या गाडीत, कमी हवेच्या जाड टायरवर तासन् तास एकाच वेगाने जाणं हे टायरला आतून भाजण्यासारखं आहे. उष्णता बाहेरच्या उन्हाने वाढते, पण मुख्यतः ती टायरच्या सततच्या दबण्या-फुगण्याने तयार होते. तर ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात पावसात एमटीची अडचण दुसरी. रस्त्याला टेकणारं रबर कमी, चिरा कमी, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. सव्वादोन टनांच्या गाडीला हे जास्तीचं अंतर परवडत नाही.

हवा : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित

सुरुवातीचा भागाकार पुन्हा करू. त्याच ५५० किलोंच्या चाकातली हवा ३५ वरून १८ पीएसआयवर आणली तर जमिनीला टेकणारा भाग सव्वादोनशेवरून जवळपास सव्वाचारशे चौरस सेंटीमीटर होतो. दुप्पट. ही वाढ मुख्यतः लांबीत होते. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा टायर लांब होतो आणि वजन पसरतं. एवढा फरक कोणतीही महागडी नक्षी देऊ शकत नाही.

साधारण अंदाज असे : कच्च्या खडीच्या रस्त्यावर नेहमीपेक्षा पाच-सात पौंड कमी, कातळावर आणि चिखलात २० ते २४, मऊ वाळूत १५ ते १८. गाडी पूर्ण भरलेली असेल तर यातला वरचा आकडा घ्या. हवा कमी असताना वेग कमी, वळणं सावकाश. झटक्यात स्टिअरिंग फिरवलं तर टायरची कड रिमवरून सुटते. कातळावर हवा फार उतरवली तर साइडवॉल फुगून बाहेर येते आणि दगडाच्या धारेला सापडते. आणि डांबर लागताच थांबून हवा पुन्हा भरायची. यात सूट नाही. यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कंप्रेसर आणि एक चांगला गेज गाडीत असलाच पाहिजे. सिगारेट लायटरच्या खाचेतून चालणारे छोटे कंप्रेसर मोठ्या टायरपुढे दमतात आणि तापून बंद पडतात.

डांबरावरची योग्य हवा शोधायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक खडूची. सपाट, कोरड्या रस्त्यावर टायरच्या रुंदीवर आडवी जाड खडूची रेघ ओढा आणि गाडी सरळ थोडी पुढे न्या. रेघ मधोमध पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडांना पुसली आणि मध्ये राहिली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली तर त्या वजनाला ती हवा बरोबर. दुसरी रीत ऑस्ट्रेलियातल्या लांबच्या प्रवाशांत रूढ आहे. गार टायरची हवा मोजून निघायचं आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजायची. साध्या टायरमध्ये चार पौंडांच्या आसपास, एलटीमध्ये सहाच्या आसपास वाढ झाली तर ठीक. त्याहून जास्त वाढली तर टायर जास्त दबतो आहे, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती. गरम टायरमधली हवा काढून आकडा जुळवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना भरा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. पुण्यात ३५ भरलेली हवा पाच हजार मीटर उंचीवर गेजवर सहा पौंडांनी वाढलेली दिसू शकते, कारण बाहेरचा दाब जवळपास निम्मा होतो. पण खिंडीत पारा शून्यावर असेल तर थंडीने ही वाढ जवळजवळ नाहीशी होते आणि दुपारच्या उन्हात पुन्हा दिसू लागते. तेव्हा ऐकीव आकड्यावर हवा काढू नका. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी स्वतः मोजा आणि मग ठरवा.

पाच टायर, एक कुटुंब

फोर-बाय-फोरमध्ये चार नव्हे, पाच टायर सारखे हवेत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासात फरक असेल तर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर दोन्ही आसांमधले शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि ट्रान्सफर केसला, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला, इजा होते. म्हणून पुढे झिजलेली जोडी आणि मागे नवी, ही काटकसर इथे महागात पडते. स्टेपनीही त्याच मापाची हवी. थारसारख्या गाडीत ती मागच्या दारावर टांगलेली असते, तेव्हा जड टायर घेतला तर बिजागऱ्यांवर येणारा भार लक्षात घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसह पाचही चाकांची फेरपालट केली की पाचही सारखे झिजतात आणि पाचवा टायर वापराविना म्हातारा होत नाही.

खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात. झीज तिथवर आली की टायर रस्त्यावरूनही बाद. ऑफ-रोडचं कसब तर त्याच्या बरंच आधी, चार मिलिमीटरच्या आसपासच संपतं. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं, साइडवॉलला केसासारख्या भेगा पडतात. आपल्या उन्हात हे आणखी लवकर होतं.

कोणी काय घ्यावं

शनिवार-रविवारी गडांच्या पायथ्याला, कोकणात, क्वचित कच्च्या वाटेवर जाणाऱ्यांनी मूळ मापाचा, मूळ भारांकाचा चांगला एटी घ्यावा. हिमालयात भरलेली गाडी नेणाऱ्यांनी एलटी बांधणीचा एटी घ्यावा आणि त्याच्या हवेचा नवा आकडा शोधून काढावा. काळ्या मातीतल्या शेतकऱ्याने एमटी घ्यावा आणि महामार्गावर वेग आवरावा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एमटीसाठी वेगळे रिम ठेवावेत, म्हणजे एरवी एटीवर फिरता येईल. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातल्यावर परदेशी टायर मिळवणं अवघड झालं. पण सिएट, एमआरएफ, अपोलो, जेके यांच्यासारख्या इथल्या कंपन्यांचे एटी बाजारात आहेत आणि आडगावात टायर फाटला तर बदली मिळण्याची शक्यता त्यांचीच जास्त. हाही निवडीचा एक निकष धरा.

आणि टायर कोणताही असो, तो वाट नसलेल्या जागी वाट पाडायचा परवाना नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. गाडीच्या चाकाखाली ती वाळू घट्ट दाबली जाते आणि घरटी चिरडली जातात. पावसात भिजलेल्या सड्यावर एमटीने पाडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होऊन माती घेऊन जाते. मळलेली वाट सोडू नका.

शेवटी दुकानात उभं राहिल्यावर दोन टायरांत मन अडकेल. एक देखणा, खोल दातांचा. दुसरा जरा साधा, चिरांनी भरलेला. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा, की माझ्या गाडीवर सर्वांत वाईट वेळ कुठे येणार आहे? चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टर बोलावून, दोर लावून बाहेर काढता येते. वेळ जातो, कपडे खराब होतात, इतकंच. पण मागे मुलं बसलेली, टपावर सामान, ओला घाट आणि वळणावर अचानक समोर आलेली एसटी, तिथे न थांबलेल्या गाडीला दुसरी संधी मिळत नाही. ओल्या रस्त्यावर जो टायर तुमची भरलेली गाडी लवकर थांबवतो, तोच घ्या.